जुना सेट, पूर्ण बंद

माझगावात, डॉकयार्ड रोडच्या उतारावर
एका जिन्याखाली साडेतीन फुटांत माझं टेबल.
ताठ उभं राहायचं तर आधी बाहेर यावं लागतं.

लॅन्सीमास्तर शिकवायचा:
आधी संशय चार्जरवर, मग बॅटरीवर,
मग गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर.
बोर्डावर सगळ्यात शेवटी.

खरं आहे. निम्मे सेट दातकोरणीनंच बरे होतात.
चार्जिंगच्या भोकातून मी
मुनाफ टेलरचा निळा दोरा ओढून काढलाय, वीतभर.
रामकृपालच्या स्पीकरची जाळी नाकाशी धरून सांगितलंय
की काल गिरणीत बाजरी दळली.
बॅटरी टेबलावर ठेवायची, बोटानं गरकन फिरवायची:
भिंगरीसारखी फिरली तर फुगलीय, बाद.
बटणं दगा देत असतील तर खाली खोडरबर फिरवायचं,
शाळेतलं, पांढरं.
लाल-निळ्यातल्या निळ्या बाजूनं घासाल
तर सोन्याचा मुलामाच निघून येईल.

आणि अगदी मेलेला सेट आला
की सप्लायच्या काट्याकडे बघत बसायचं.
बटण दाबण्याआधीच काट्यानं उडी मारली तर शॉर्ट.
ढिम्म हलला नाही तर वाट कुठेतरी तुटलेली.
थोडा चढून परत बसला
तर त्याला उठायचंय, पण कसं ते आठवत नाही.

मथुराबाई तांडेलचा काटा उडी मारत होता.
पहाटे भाऊच्या धक्क्यावर भाव, दुपारी दारोदार पाटी,
आणि सेट पाटीत, बर्फाच्या पाण्याशेजारी.
उघडला तर बोर्डभर हिरवा बुरा,
बॅटरीच्या दातांत पाल्याचा एक खवला,
अभ्रकासारखा चमकणारा.
थिनर, टूथब्रश, परत थिनर.
हिरवं निघालं. शॉर्ट चार्जिंगच्या आयसीवर सापडला.
सगळं नीट चाललं होतं.

मग चहावाला पोरगा मागच्या आठवड्याचे पैसे मागायला आला.
मी त्याच्याकडे बघत चिमटा उचलला,
कथील वितळायच्या आधी.
आयसीबरोबर बोर्डावरचा ठिपकाही उपटून आला,
राईच्या दाण्याहून लहान.

मी म्हणालो, मावशी, खारं पाणी. बोर्ड गेला.
ती म्हणाली, माजाच चुकला रं पोरा,
पाटीन ठेवला व्हता.
तपासणीचे पन्नास तिनं टेबलावर ठेवले.
मेलेला सेटही ठेवला, पार्टला कामाला येईल म्हणून.
पन्नास मी घेतले.

मास्तर आता वसईला असतो, मोतीबिंदू पिकलाय.
रात्री त्याला फोन करून सगळं सांगितलं.
वाटलं होतं, शिवी देईल.
तो बराच वेळ खोकला आणि म्हणाला,
ट्रॅक कुठपर्यंत शाबूत आहे?

तेव्हापासून शटर अर्धं ओढून रोज एक तास.
व्हायब्रेटरच्या मोटारीतून सोडवलेली तांब्याची तार,
केसाहून बारीक.
तिचं लाखेचं अंग ब्लेडनं खरवडायचं,
भिंगाखाली श्वास धरून ठिपक्याच्या जागी टेकवायची.
तुटली.
चिकटली ती भलत्याच पायाला.
परत तुटली, शिंकेनं.
तेरा रात्री.

काल काटा हलला,
चढला, आणि वरच थरथरत राहिला.
पडद्यामागे तो जुना हिरवट उजेड.
रेंजच्या काड्या यायच्या आधी,
तिच्या नातवाचा फोटो यायच्या आधी,
सेटनं विचारलं: तारीख?

मी टाकायला गेलो तर
पाच दाबला की आठ उमटतो.

एवढं राहिलंय.
आणि पन्नास परत देताना काय म्हणायचं, तेही.
धक्का पहाटे चारला उघडतो,
आणि या ड्रॉवरमध्ये हाताला लागतंय
ते नेमकं लाल-निळं खोडरबर.